स्प्रेडशीट वाचणाऱ्या ओपन सोर्स लायब्ररीत नवं फीचर कसं घालायचं: मर्ज केलेल्या सेलचं उदाहरण घेऊन

समजा, गावांच्या पाणीपुरवठ्याचा एक छोटा तक्ता आहे. पहिल्या ओळीत ए१ ते सी१ हे सेल मर्ज करून, म्हणजे जोडून एक करून, मथळा दिलाय. दुसऱ्या ओळीत तीन शीर्षकं: तालुका, गाव, शेरा. तिसऱ्या ओळीपासून माहिती. ‘मुळशी’ हे ए३ ते ए५ असं उभं मर्ज केलेलं, शेजारी पौड, पिरंगुट, भूगाव. ‘हवेली’ ए६ ते ए७, शेजारी लोणी काळभोर आणि उरुळी कांचन. शेऱ्याच्या कॉलममध्ये ‘टँकर सुरू’ हे सी३ ते सी४ मर्ज, म्हणजे फक्त पौड आणि पिरंगुटसाठी. उरलेल्या तीन गावांचा शेरा खरोखरच रिकामा आहे.

ही फाइल प्रोग्रॅममधून वाचली की मर्ज केलेल्या रेंजच्या डाव्या-वरच्या सेलला तेवढं मूल्य मिळतं, बाकीचे सेल रिकामे येतात. मग बहुतेक जण वरचं मूल्य खाली ओढतात. पांडाज या पायथन लायब्ररीत (लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांना वापरता येणारा तयार कोड) त्यासाठी एफफिल हे फंक्शन आहे. तालुक्याच्या कॉलमला ते चालून जातं. शेऱ्याला तेच केलं की भूगाव, लोणी काळभोर आणि उरुळी कांचनलाही टँकर सुरू झालेला दिसतो. मर्जमुळे रिकामा दिसणारा सेल आणि मुळातच रिकामा सेल यांतला फरक नुसती मूल्यं पाहून कळूच शकत नाही. तो फाइलमध्ये वेगळ्या जागी लिहिलेला असतो, आणि तो तिथून काढून तुमच्या हाती देणं हे वाचणाऱ्या लायब्ररीचं काम आहे.

ते काम लायब्ररी करत नसेल तर तुम्ही ते तिच्यात घालू शकता. इथे रस्ट भाषेतली कॅलामाइन ही लायब्ररी समोर ठेवून पायऱ्या दिल्या आहेत. ती एक्सएलएस, एक्सएलएसएक्स, एक्सएलएसबी आणि ओडीएस या फाइली फक्त वाचते, लिहीत नाही, त्यामुळे कोड आटोपशीर आहे. एक्सएलएसएक्ससाठी मर्जची माहिती ती आज देते; म्हणूनच सरावाला हे उदाहरण उत्तम. स्वतः लिहून झालं की तयार कोडाशी ताडून पाहता येतं. पायऱ्या मात्र कुठल्याही लायब्ररीला आणि कुठल्याही फीचरला लागू आहेत: लपवलेल्या शीट, हायपरलिंक, कॉमेंट, काहीही घ्या.

टॅग, आज्ञा आणि फाइलींची नावं या लेखात देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना रोमन अक्षरंच वापरायची.

## १. आधी जमवायच्या गोष्टी

- गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) आणि गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरचं खातं. सगळे प्रकल्प गिटहबवर नसतात: ओपनपायएक्सएल या पायथन लायब्ररीचा कोड हेप्टापॉडवर आहे आणि तिथे गिटऐवजी मर्क्युरिअल चालतं.
- रस्ट-अप वापरून बसवलेलं रस्ट. त्याबरोबर कार्गो हे बिल्ड करणारं आणि चाचण्या चालवणारं साधन येतंच. रस्ट-एफएमटी (कोडची मांडणी नीट करणारा) आणि क्लिपी (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारा) हे दोन भागही घ्या.
- लिबरऑफिस, आणि शक्य असेल तर एक्सेल व गूगल शीट्सही. एकाच तक्त्याच्या तिन्हीकडून बनवलेल्या फाइली आतून वेगळ्या असतात.
- झिप उघडणारं साधन, एक्सएमएल नीट ओळी पाडून दाखवणारा एडिटर आणि जुन्या एक्सएलएससाठी फाइलीतले बाइट दाखवणारा हेक्स व्ह्यूअर.
- फाइलींची अधिकृत वर्णनं. एक्सएलएसएक्ससाठी एक्मा-३७६ (पहिली आवृत्ती २००६ची, २००८मध्ये तेच आयएसओ २९५०० झालं), ओडीएससाठी ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं ओपनडॉक्युमेंट, एक्सएलएस आणि एक्सएलएसबीसाठी मायक्रोसॉफ्टने खुली केलेली वर्णनं. सगळी फुकट उतरवता येतात.
- नोकरी करत असाल तर कंपनीची लेखी परवानगी. नोकरीच्या करारात तुम्ही लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असल्याचं कलम असू शकतं. ते वाचा, आणि शंका असेल तर ऑफिसचा लॅपटॉप या कामाला वापरू नका.

## २. फीचर खरंच नाही याची खात्री करा

याला अर्धा तास द्या. रिलीज झालेली आवृत्ती आणि मुख्य ब्रँच (जिथे रोजचे बदल जमा होतात ती कोडची शाखा) यांत अंतर असतं. तुम्हाला हवं ते मुख्य ब्रँचमध्ये येऊन रिलीजची वाट पाहत असू शकतं. बदलांची नोंदवही वाचा. इश्यू, म्हणजे प्रकल्पाच्या पानावर नोंदवलेल्या तक्रारी आणि मागण्या, शोधताना बंद झालेलेही शोधा आणि निरनिराळे शब्द वापरा: मर्ज्ड सेल, मर्ज रीजन, स्पॅन. कोडमध्ये थेट ‘मर्जसेल’ शोधलं की एका मिनिटात चित्र स्पष्ट होतं.

कधी सोय असते, पण अटीसह. एक्सएलआरडी ही पायथन लायब्ररी एक्सएलएस फाइलीतले मर्ज देते, पण फाइल उघडताना ‘फॉरमॅटिंग-इन्फो’ चालू केलं तरच. ओपनपायएक्सएल नेहमीच्या पद्धतीत देते. फक्त-वाचनाच्या पद्धतीत देत नाही. याचं कारण चौथ्या पायरीत कळेल, आणि तेच कारण तुमच्याही आड येणार आहे.

कोणाची अर्धवट राहिलेली पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशी कोडासकट केलेली विनंती) सापडली तर ती पुढे न्या. आधीच्या माणसाला विचारा, आणि कमिटच्या (गिटमधल्या बदलाच्या नोंदीच्या) शेवटी ‘को-ऑथर्ड-बाय’ ही ओळ घालून त्याचं श्रेय त्याला द्या.

## ३. छोटी फाइल बनवा. खरी फाइल कधीही जोडू नका

वर सांगितलेला सात ओळींचा तक्ता स्वतः कोऱ्या फाइलीत टाइप करा. ऑफिसातली खरी फाइल घेऊन ‘नावं पुसली’ म्हणून इश्यूला जोडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एक्सएलएसएक्सच्या आत ‘डॉकप्रॉप्स’ फोल्डरमध्ये फाइल बनवणाऱ्याचं आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव असतं. पिव्हट टेबल असेल तर मूळ शीट पुसल्यावरही सगळी माहिती पिव्हटच्या कॅशमध्ये शिल्लक राहू शकते. दुसऱ्या फाइलीशी दुवा असेल तर तिथली मूल्यंही ‘एक्स्टर्नल-लिंक्स’मध्ये जपून ठेवलेली असतात. इश्यूवर एकदा चढवलेली फाइल कोणीही उतरवून घेऊ शकतं.

शीटचं नाव आणि मजकूर मराठीतच ठेवा. चाचणीला ते उपयोगी पडतं: बाइट आणि अक्षर यांत कुठे घोळ असेल तर तो रोमन अक्षरांत लपतो, देवनागरीत लगेच उघडा पडतो, कारण यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

## ४. फाइल उघडून आत पाहा

फाइलीची एक प्रत करा, तिला झिप हे एक्स्टेन्शन द्या आणि उलगडा. आत ‘एक्सएल’ नावाचं फोल्डर दिसेल. त्यात ‘वर्कबुक’ या एक्सएमएल फाइलीत शीटांची यादी, ‘वर्कशीट्स’मध्ये प्रत्येक शीटची फाइल, ‘शेअर्ड-स्ट्रिंग्ज’मध्ये मजकूर.

पहिला सापळा इथेच आहे. ‘शीट१’ नावाची फाइल म्हणजे वर्कबुकमधली पहिली शीट असं गृहीत धरू नका. शीटांचा क्रम बदलला किंवा मधली एखादी पुसली की क्रमांक जुळत नाहीत. वर्कबुकमध्ये प्रत्येक शीटला एक आर-आयडी असतो. त्यावरून ‘_रेल्स’ फोल्डरमधल्या संबंधांच्या फाइलीत खरा पत्ता मिळतो. तो पत्ता काही प्रोग्रॅम ‘वर्कशीट्स’पासून सुरू करतात, तर काही तिरकी रेघ देऊन मुळापासून लिहितात. दोन्ही बरोबर आहेत. लायब्ररीत हे शोधणारं फंक्शन आधीपासून असतं, तेच वापरा.

आता शीटची फाइल उघडा आणि शेवटाकडे जा. साधारण असं दिसेल:

<मर्जसेल्स काउंट="४">
  <मर्जसेल रेफ="ए१:सी१"/>
  <मर्जसेल रेफ="ए३:ए५"/>
  <मर्जसेल रेफ="सी३:सी४"/>
  <मर्जसेल रेफ="ए६:ए७"/>
</मर्जसेल्स>

टॅगमधलं पहिलं अक्षर लहान लिपीतलं आणि ‘सेल’चा सी मोठ्या लिपीतला असतो. एक्सएमएलमध्ये हा फरक मोजला जातो.

हा भाग ‘शीटडेटा’च्या नंतर येतो; प्रमाणातच तसा क्रम ठरवलेला आहे. म्हणजे सगळ्या ओळी वाचून झाल्याशिवाय कुठे काय मर्ज आहे हे कळत नाही. फाइल दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) असल्यामुळे थेट शेवटी उडीही मारता येत नाही; सुरुवातीपासून उलगडतच यावं लागतं. ओळी एकेक करून हाती देणाऱ्या, स्मृती वाचवणाऱ्या पद्धतींमध्ये हे फीचर बसवणं म्हणूनच अवघड जातं.

लिबरऑफिस आणि गूगल शीट्समधून एक्सएलएसएक्स म्हणून जतन केलेल्या फाइलीही अशाच उघडून शेजारी ठेवा. ‘काउंट’ ही नोंद ऐच्छिक आहे, नसली तरी फाइल वैध असते. तेव्हा तिच्यावर विसंबून जागा राखून ठेवू नका. खोटा मोठा आकडा दिला की प्रोग्रॅम तिथेच कोसळेल.

## ५. कोड लिहिण्याआधी इश्यू लिहा

प्रकल्प सांभाळणारे बहुतेक जण हे काम स्वतःच्या वेळेतून करतात. त्यांना नको असलेल्या दिशेने सहाशे ओळी लिहून नेल्या तर दोघांचाही वेळ जातो. इश्यू इंग्रजीत, दहा-बारा ओळींत लिहा: काय हवंय, का हवंय, कोणत्या फाइल-प्रकारासाठी, फंक्शनचं नाव काय असावं, ते काय परत देईल, आणि कोड तुम्ही लिहायला तयार आहात. सात ओळींची फाइल जोडा.

मागताना थोडं मागा. सुरुवातीला वाटतं की लायब्ररीनेच मर्ज केलेल्या प्रत्येक सेलमध्ये मूल्य भरून द्यावं. ते मागू नका. कोणाला मथळा एकदाच हवा असतो, कोणाला प्रत्येक ओळीत तालुका हवा असतो, आणि रकमेचा सेल मर्ज असेल तर भरून दिलेल्या मूल्यांची बेरीज दुप्पट-तिप्पट होते. लायब्ररीने ‘ए३ ते ए५ मर्ज आहे’ एवढं सांगावं; भरायचं की नाही ते वापरणाऱ्याने ठरवावं. अशी मागणी मान्य होण्याची शक्यताही जास्त.

दुसरी खबरदारी म्हणजे जुना कोड मोडू न देणं. सार्वजनिक ट्रेटमध्ये (टाइपने कोणती फंक्शनं द्यायची ते ठरवणाऱ्या यादीत) नवं सक्तीचं फंक्शन घातलं की तो ट्रेट आपल्या टाइपसाठी इम्प्लिमेंट करणारा बाहेरचा सगळा कोड कंपाइल व्हायचा थांबतो. सार्वजनिक स्ट्रक्टमध्ये फील्ड किंवा ईनममध्ये प्रकार वाढवला तरी तेच होऊ शकतं. एक्सएलएसएक्सच्या स्वतःच्या टाइपवर वेगळं फंक्शन देणं सुरक्षित. कॅलामाइनमध्ये ‘लोड-मर्ज्ड-रीजन्स’ आधी हाकारायचं आणि मग ‘मर्ज्ड-रीजन्स’ मागायचं, अशी दोन पावलांची रचना आहे. ज्यांना मर्जशी कर्तव्य नाही त्यांच्यावर जास्तीच्या वाचनाचा भार पडत नाही, हा तिचा फायदा.

## ६. फोर्क, क्लोन, आणि काही बदलण्याआधी चाचण्या

फोर्क करा (गिटहबवर स्वतःची प्रत घ्या), क्लोन करा (ती आपल्या मशीनवर उतरवा), मुख्य ब्रँचवरून नवी ब्रँच काढा आणि लगेच ‘कार्गो टेस्ट’ चालवा. आत्ताच काही नापास होत असेल तर ते तुमच्या कोडमुळे नाही, हे आधी कळलेलं बरं. योगदानाच्या सूचनांची फाइल असेल तर वाचा. काही प्रकल्पांत प्रत्येक कमिटवर ‘साइन-ऑफ’ची, म्हणजे हा कोड द्यायचा मला हक्क आहे असं सांगणारी, ओळ लागते, आणि ती नंतर सगळ्या कमिटांना लावत बसणं कटकटीचं असतं.

कॅलामाइनमध्ये चाचण्या आणि त्यांच्या नमुना फाइली ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये आहेत. कोड ‘एसआरसी’मध्ये, फाइल-प्रकारानुसार वेगळा केलेला.

## ७. आधी चाचणी लिहा

सात ओळींची फाइल ‘टेस्ट्स’मध्ये ठेवा आणि अपेक्षित उत्तर लिहा. मोजणी शून्यापासून, आधी ओळ मग कॉलम:

- ए१ ते सी१: (०, ०) ते (०, २)
- ए३ ते ए५: (२, ०) ते (४, ०)
- सी३ ते सी४: (२, २) ते (३, २)
- ए६ ते ए७: (५, ०) ते (६, ०)

दोन्ही टोकं रेंजमध्ये धरलेली आहेत, हे दस्तऐवजात स्पष्ट लिहा. इथे एकाचा फरक पडला तर भूगावला पुन्हा टँकर जाईल.

मग आणखी चार फाइली. एकात काहीच मर्ज नाही: उत्तर रिकामी यादी हवं, त्रुटी नव्हे. एकात माहिती बी३पासून सुरू होते. एकात टॅगांना नेमस्पेसचा उपसर्ग आहे, म्हणजे ‘एक्स’, कोलन आणि मग ‘मर्जसेल’. आणि एक लिबरऑफिसमध्ये बनवलेली: तिथे मर्ज करताना झाकल्या जाणाऱ्या सेलांचा मजकूर तसाच लपवून ठेवण्याचा पर्याय मिळतो, तो निवडा. एक्सेल डावा-वरचा सोडून बाकी मजकूर टाकून देतं, म्हणून ‘झाकलेला सेल नेहमी रिकामाच’ असा कोड एक्सेलच्या फाइलींवर बिनबोभाट चालतो आणि इथे चुकतो.

नेमस्पेसच्या उपसर्गाची फाइल हाताने एक्सएमएल बदलून बनवावी लागेल. परत झिप करताना बाहेरचं फोल्डर झिप करू नका. फोल्डरच्या आत जाऊन तिथला मजकूर झिप करा. ‘कंटेंट-टाइप्स’ची फाइल झिपच्या मुळाशी नसेल तर एक्सेल फाइल बिघडल्याचं सांगतं, आणि तुम्ही तासभर एक्सएमएलमध्ये चूक शोधत बसता. ओडीएसला याहून कडक नियम आहे: ‘माइमटाइप’ ही फाइल झिपमध्ये सर्वांत पहिली आणि न दाबलेली असावी लागते.

नमुना फाइली काही किलोबाइटच्याच ठेवा. त्या गिटच्या इतिहासात कायमच्या राहतात.

## ८. वाचणारा कोड

गाभा तीसेक ओळींचा आहे: शीटची फाइल उघडा, एक्सएमएलचे प्रसंग (इव्हेंट: टॅग उघडला, टॅग बंद झाला वगैरे) एकामागून एक घ्या, ‘मर्जसेल’ दिसला की त्याची ‘रेफ’ वाचा, आकड्यांत बदला, यादीत टाका, ‘वर्कशीट’ संपलं की थांबा. अडचणी कडेकडेला येतात.

स्वतः बंद होणारा टॅग. ‘मर्जसेल’ बहुधा शेवटी तिरकी रेघ देऊन तिथेच बंद होतो, पण उघडणारा आणि बंद करणारा असे दोन टॅग लिहिणंही वैध आहे. क्विक-एक्सएमएल (एक्सएमएल वाचायला कॅलामाइन वापरते ती लायब्ररी) या दोहोंसाठी वेगवेगळे प्रसंग देतं: एक ‘एम्प्टी’, एक ‘स्टार्ट’. रिकामे टॅग फोडून देण्याची सेटिंग कॅलामाइन चालू ठेवतं, त्यामुळे दोन्हीकडे ‘स्टार्ट’च येतो. तुमच्या लायब्ररीत तसं नसेल तर दोन्ही हाताळा.

नावाची तुलना. उपसर्ग सोडून फक्त स्थानिक नाव ताडा. नेमस्पेसचा पूर्ण पत्ता ताडायला जाल तर ‘स्ट्रिक्ट’ प्रकारात जतन केलेली फाइल हातची जाईल, कारण तिचा पत्ता वेगळा असतो.

अक्षरांवरून कॉलम. ए म्हणजे १, झेड म्हणजे २६, एए म्हणजे २७. डावीकडून प्रत्येक अक्षराला: आतापर्यंतची बेरीज गुणिले २६, अधिक अक्षराचा क्रमांक. एबी म्हणजे १ × २६ + २ = २८. शेवटचा कॉलम एक्सएफडी: २४ × ६७६ + ६ × २६ + ४ = १६,३८४. सगळं झाल्यावर एकदाच एक वजा करा. प्रत्येक फेरीत वजा केलंत तर झेडपर्यंत उत्तर बरोबर येतं आणि एएपासून चुकतं. म्हणून चाचणीत झेड, एए, एझेड, बीए आणि एक्सएफडी हे पाचही ठेवा. लायब्ररीत हे फंक्शन असेलच. नवं लिहिण्याआधी शोधा.

हद्दीबाहेरची रेंज. कोणी मुद्दाम सात झेडचा कॉलम लिहिला तर ३२ बिटांच्या संख्येत तो मावत नाही. रस्टमध्ये डीबग बिल्ड पॅनिक होतं, म्हणजे तिथेच बंद पडतं, आणि रिलीज बिल्ड मुकाट्याने चुकीचा आकडा देतं. प्रत्येक अक्षरानंतर १६,३८४ची मर्यादा तपासा, ओळींसाठी १०,४८,५७६ची.

रेंज फोडू नका. प्रत्येक झाकलेल्या सेलची वेगळी नोंद करण्याचा मोह होईल. एकच ओळ ‘ए१ ते एक्सएफडी१०४८५७६’ असं म्हणू शकते, आणि ते सुमारे १,७१८ कोटी सेल होतात. दोन टोकं जपा, बस.

कोलन नसलेली रेफ. फक्त ‘बी२’ असं लिहिलेलं आलं तर एका सेलची रेंज धरा. एकमेकींवर चढलेल्या रेंज आल्या तर एक्सेल फाइल दुरुस्त करायची का विचारतं. वाचणाऱ्या लायब्ररीने जे लिहिलंय ते जसंच्या तसं द्यावं. मात्र मुळीच न वाचता येणारी रेफ आली तर त्रुटी परत करा, आणि ती फक्त मर्ज मागणाऱ्या फंक्शनातून. ज्याने नुसती मूल्यं मागितली त्याचं वाचन यामुळे अडता कामा नये.

मूल्यांच्या रेंजशी जुळणी. सगळ्यांत जास्त फसवणारी गोष्ट ही. कॅलामाइनची मूल्यांची रेंज ए१पासून सुरू होईलच असं नाही. ती पहिल्या भरलेल्या सेलपासून सुरू होते. माहिती बी३पासून असेल तर त्या रेंजचा (०, ०) म्हणजे बी३. मर्जचे आकडे मात्र शीटच्या कोपऱ्यापासूनचे. दोन्ही तसेच जुळवले तर सगळं दोन ओळी आणि एक कॉलम सरकतं, आणि ए१पासून सुरू होणाऱ्या नमुना फाइलीवर हे कधीच दिसत नाही. दस्तऐवजातल्या उदाहरणात रेंजचा ‘स्टार्ट’ वजा करून दाखवा. शिवाय मथळ्याचा मर्ज माहितीच्या उजवीकडे बाहेरपर्यंत गेलेला असू शकतो. तिथलं मूल्य मागितलं तर काहीच मिळणार नाही, तेही हाताळा.

चार्टची शीट. वर्कबुकच्या यादीत नुसत्या चार्टच्या शीटही असतात. त्यांत सेलच नसतात. रिकामी यादी द्या.

## ९. बाकीचे फाइल-प्रकार वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये

एक्सएलएसमध्ये एक्सएमएल नाही, बाइटांच्या नोंदी असतात. मर्जच्या नोंदीचा क्रमांक २२९, हेक्समध्ये ००ई५. पहिले दोन बाइट म्हणजे रेंज किती. पुढे प्रत्येक रेंजला आठ बाइट. क्रम असा: पहिली ओळ, शेवटची ओळ, पहिला कॉलम, शेवटचा कॉलम. ‘ओळ, कॉलम, ओळ, कॉलम’ असं वाचलंत तर आकडे येतील, पण निरर्थक. एका नोंदीत हजाराच्या थोड्या वर रेंज मावतात, म्हणून मोठ्या शीटमध्ये अशा अनेक नोंदी येतात. पहिली मिळाली की थांबू नका.

एक्सएलएसबीत प्रत्येक मर्जची नोंद क्रमांक १७६, सोळा बाइटांची, क्रम तोच. १७६ हा आकडा १२७च्या वर असल्याने तो दोन बाइटांत लिहिला जातो. हेक्स व्ह्यूअरमध्ये ‘बी० ०१’ शोधा.

ओडीएसचा विचारच निराळा आहे. तिथे वेगळी यादी नसते. डाव्या-वरच्या सेलवरच ‘इतके कॉलम, इतक्या ओळी व्यापल्या’ असं लिहिलेलं असतं आणि झाकलेल्या सेलांसाठी ‘कव्हर्ड-टेबल-सेल’ हा स्वतंत्र टॅग. तो टॅग मोजला नाही तर उजवीकडचे सगळे सेल डावीकडे सरकतात. सारखे सेल आणि सारख्या ओळी ‘पुन्हा इतक्या वेळा’ असं एकदाच लिहून मोकळं होण्याची पद्धतही तिथे आहे, त्यामुळे खालच्या रिकाम्या लाखो ओळी एका टॅगात येतात. त्यांच्यावरून फेरी मारत बसू नका.

## १०. पुल रिक्वेस्ट

पाठवण्याआधी ‘कार्गो एफएमटी’, ‘कार्गो क्लिपी’ आणि ‘कार्गो टेस्ट’ चालवा. एडिटरने न मागता इतर फाइलींची मांडणी बदलली नाही ना, हे ‘गिट डिफ’मध्ये ओळनओळ पाहा; असे बदल मागे घ्या. रस्टची किती जुनी आवृत्ती चालली पाहिजे ते ‘कार्गो डॉट टॉमल’मध्ये लिहिलेलं असू शकतं. तुमच्या मशीनवर नवी आवृत्ती असते, कालपरवा आलेलं एखादं फंक्शन तुम्ही सहज वापरता आणि प्रकल्पाच्या तपासणीत बिल्ड पडतं.

वर्णनात इश्यूचा क्रमांक, काय बदललं, काय मुद्दाम नाही केलं आणि कोणत्या प्रोग्रॅमने बनवलेल्या फाइलींवर तपासलं ते लिहा. दुसऱ्या लायब्ररीतून उचललेला कोड घालू नका. कॅलामाइन एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली आहे. जीपीएल या जास्त अटींच्या परवान्याखालचा कोड तिच्यात आणून ठेवता येत नाही. शंका असेल तर प्रमाणाचा दस्तऐवज वाचून स्वतः लिहा.

सूचना येतील. नाव बदला, ही चाचणी वाढवा, इथे ‘अनरॅप’ (चूक आली की प्रोग्रॅम पाडणारं फंक्शन) नको. प्रत्येक सूचनेखाली काय केलं ते एका ओळीत कळवा. पटली नाही तर कारण आणि फाइल देऊन सांगा. फाइलीपुढे वाद लवकर मिटतो. दोन-तीन आठवडे काहीच उत्तर नाही आलं तर एकदा नम्रपणे आठवण द्या, आणि मधल्या काळात मुख्य ब्रँच पुढे गेली असेल तर रीबेस करून, म्हणजे आपले बदल तिच्या ताज्या टोकावर चढवून, ठेवा.

## ११. स्वीकारल्यानंतर

मुख्य ब्रँचमध्ये गेलं म्हणजे रिलीज झालं असं नाही. तोपर्यंत स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये ‘कार्गो डॉट टॉमल’मध्ये गिटचा पत्ता आणि नेमका कमिट हॅश (त्या कमिटची ओळखखूण) देऊन वापरा. हॅश न देता नुसतं ब्रँचचं नाव दिलं तर पुढच्या ‘कार्गो अपडेट’ला कोड पायाखालून बदलतो.

पायथनवाल्यांना ही सोय आपोआप मिळत नाही. पांडाजने २.२ या आवृत्तीत, जानेवारी २०२४मध्ये, कॅलामाइनला वाचण्याचं एक इंजिन म्हणून जागा दिली, पण मध्ये पायथन-कॅलामाइन हा वेगळा प्रकल्प आहे. रस्टमधलं नवं फंक्शन पायथनमध्ये दिसायला तिथे स्वतंत्र इश्यू आणि स्वतंत्र पुल रिक्वेस्ट लागते, आणि तीही मूळ लायब्ररीचं रिलीज आल्यावरच पाठवण्यात अर्थ आहे. तिथला कोड थोडका असतो: रस्टचं फंक्शन हाकारायचं आणि आकड्यांच्या जोड्या टपल म्हणून परत द्यायच्या. चाचणीला तीच सात ओळींची फाइल चालते.

रिलीज आलं की कमिट हॅशची ओळ काढून आवृत्तीचा आकडा टाका, आणि तुमचा मूळ इश्यू उघडाच राहिला असेल तर रिलीजचा क्रमांक लिहून तो बंद करा.